दाखल होण्याचा हुकूम आणि बाहेर पडण्याची तारीख : मनोरुग्णांच्या स्वातंत्र्यासाठी झालेले न्यायालयीन लढे

न्यायालय एखाद्या आरोपीला शिक्षा सुनावते तेव्हा त्या शिक्षेला मुदत असते. जन्मठेपेच्या कैद्याच्या सुटकेचा विचारही काही नियमांनुसार, काही वर्षांनी होतो. वेडसर ठरवून इस्पितळात किंवा तुरुंगात ठेवलेल्या माणसाला मात्र दीर्घकाळ अशी तारीखच नव्हती. त्याने गुन्हा केलेला नसे, म्हणून शिक्षा नाही. आणि शिक्षा नाही, म्हणून मुदतही नाही. तो आत कसा गेला याचे कागद सापडत. तो अजून आत का आहे, या प्रश्नाचे उत्तर देणारा कागद बहुधा सापडत नसे.

या विषयाची चर्चा सहसा दाखल करण्याच्या पद्धतीभोवती फिरते. अर्ज कोणी करावा, दाखला कोणत्या डॉक्टरचा हवा, दंडाधिकाऱ्याचे अधिकार किती, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु भारतातील खटल्यांचा इतिहास क्रमाने पाहिला तर असे दिसते की, खरा संघर्ष सुटकेच्या प्रश्नावर झाला. ठराविक काळाने हा प्रश्न कोणी विचारायचा आणि न विचारल्यास जबाबदार कोण, हे निश्चित होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या वाटचालीचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

इंग्लंडमधील पूर्वपीठिका आणि १९१२ चा कायदा

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये नातेवाइकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले एवढ्यावर एखाद्या व्यक्तीला खाजगी वेड्यांच्या इस्पितळात ठेवता येत असे. १८७८ मध्ये जॉर्जिना वेल्डन या गायिकेला तिच्या पतीने अशाच रीतीने कोंडण्याचा प्रयत्न केला. ती निसटली आणि हुकुमाची मुदत संपेपर्यंत लपून राहिली. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने दावा करण्याची मुभा १८८२ च्या कायद्याने मिळाली, तेव्हा तिने संबंधित डॉक्टरांवर एकामागून एक दावे गुदरले. १८८४ मधील हे खटले लंडनमध्ये फार गाजले. या वातावरणात १८९० चा लूनसी ॲक्ट मंजूर झाला. खाजगी रुग्णाला दाखल करण्यासाठी न्यायिक अधिकाऱ्याचा हुकूम त्याने आवश्यक केला. तितकीच महत्त्वाची दुसरी तरतूद अशी की, हा हुकूम एका वर्षाने संपत असे आणि पुढे चालू ठेवण्यासाठी नवा वैद्यकीय अहवाल लागत असे.

हिंदुस्थानात आधी १८५८ चा कायदा होता. त्याची जागा १९१२ च्या इंडियन लूनसी ॲक्टने घेतली. इंग्लंडच्या कायद्याचा साचा येथे आला. पती, पत्नी किंवा नातेवाइकाचा अर्ज, दोन वैद्यकीय दाखले आणि दंडाधिकाऱ्याची 'रिसेप्शन ऑर्डर' अशी रीत ठरली. रस्त्यावर भटकणाऱ्या वेडसर व्यक्तीला पकडून दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचा अधिकार पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला मिळाला. सुटकेचा प्रश्न मात्र मुख्यतः इस्पितळाची पाहणी करणाऱ्या 'व्हिजिटर' मंडळावर आणि नातेवाइकांच्या अर्जावर सोपविण्यात आला. व्हिजिटर आले, त्यांनी चौकशी केली आणि घरचे न्यायला तयार असले, तर सुटका. यांपैकी एक दुवा तुटला की माणूस आतच राहिला.

वेड ही कायमची अवस्था असते असे त्या काळचा कायदा मानीत नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. १८७२ च्या इंडियन काँट्रॅक्ट ॲक्टच्या कलम १२ मध्ये असे स्पष्ट आहे की, मधूनमधून शुद्धीवर असणारी व्यक्ती त्या काळात करार करू शकते. कलमाखालचे उदाहरण तर वेड्यांच्या इस्पितळातील रुग्णाचेच आहे. इस्लामी फिकहनेही 'मजनून'वरील शरई जबाबदारी तो बरा होईपर्यंतच स्थगित मानली. हनफी फुकहांनी सततचा जुनून आणि मधूनमधून येणारा जुनून यांत भेद केला आणि दुसऱ्या प्रकारात शुद्धीच्या काळातील व्यवहार ग्राह्य धरले. म्हणजे 'बरा होईपर्यंत' ही अट दोन्ही परंपरांना ठाऊक होती. ती इस्पितळाच्या फाटकापर्यंत मात्र पोहोचली नव्हती.

फाळणीनंतर १९५० मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी इस्पितळांतील मनोरुग्णांची धर्मानुसार अदलाबदल केली. लाहोरच्या इस्पितळातील हिंदू व शीख रुग्ण अमृतसरला आले आणि भारतातील मुस्लिम रुग्ण तिकडे गेले. सआदत हसन मंटो यांच्या 'टोबा टेक सिंह' या कथेमुळे उर्दू वाचकांना ही घटना परिचित आहे. कायद्याच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, नव्याने स्वतंत्र झालेल्या दोन देशांनी आपल्या नागरिकांविषयी इतका मोठा निर्णय घेतला आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची कोणतीही कार्यपद्धती तेव्हा अस्तित्वात नव्हती.

अनुच्छेद २१ आणि अमेरिकेतील खटले

राज्यघटना तयार होत असताना व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेदात 'ड्यू प्रोसेस ऑफ लॉ' हा अमेरिकी शब्दप्रयोग घालण्याचा विचार होता. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांची अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्याशी चर्चा झाली आणि त्यानंतर तो शब्दप्रयोग मागे पडला. अनुच्छेद २१ मध्ये 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' असे शब्द आले. १९५० च्या ए. के. गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ मर्यादित ठेवला. कायदा रीतसर मंजूर झालेला असेल तर त्यातील कार्यपद्धती न्याय्य आहे की नाही, हे तपासण्याचे कारण नाही, असा तो अर्थ होता. या चौकटीत १९१२ च्या कायद्याखालील हुकुमाला आव्हान देणे जवळजवळ अशक्य होते.

अमेरिकेत याच विषयावर १९७० च्या दशकात महत्त्वाचे निकाल लागले. १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील अल्बर्टा लेसर्ड या शिक्षिकेच्या खटल्यात केंद्रीय न्यायालयाने असे ठरविले की, सक्तीने दाखल करण्यापूर्वी व्यक्तीला नोटीस, सुनावणी आणि वकील मिळाला पाहिजे. १९७५ चा केनेथ डोनाल्डसन यांचा खटला त्याहून व्यापक ठरला. वडिलांच्या अर्जावरून १९५७ मध्ये फ्लोरिडातील सरकारी इस्पितळात दाखल झालेले डोनाल्डसन तेथे जवळजवळ १५ वर्षे राहिले. त्यांनी न्यायालयांकडे वारंवार अर्ज केले आणि ते फेटाळले गेले. १९७१ मध्ये बाहेर आल्यानंतर नागरी हक्कांच्या कायद्याखालील त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जी व्यक्ती इतरांना धोकादायक नाही आणि जी स्वतःच्या किंवा आप्तमित्रांच्या मदतीने बाहेर सुरक्षित राहू शकते, तिला केवळ मनोरुग्ण म्हणून कोंडून ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. सुरुवातीचे कारण वैध असले तरी ते संपल्यावर कोंडणे चालू ठेवता येत नाही, हे या निकालाचे सार होते. १९७९ च्या ॲडिंग्टन खटल्याने पुराव्याचा निकषही कडक केला. अशा प्रकरणात स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा हवा, असे ठरले.

भारतात हे दार २५ जानेवारी १९७८ रोजी मनेका गांधी खटल्याच्या निकालाने उघडले. पासपोर्टविषयीच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अनुच्छेद २१ मधील कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे. घटनाकारांनी बाजूला ठेवलेला विचार अशा रीतीने न्यायालयाच्या अर्थनिर्णयातून परत आला. त्याचा लाभ चार वर्षांतच हजारीबागच्या तुरुंगातील विस्मृतीत गेलेल्या माणसांना झाला.

पत्रांतून उभे राहिलेले खटले

जानेवारी १९८२ मध्ये हजारीबाग येथील मोफत कायदेविषयक साहाय्य समितीने सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र पाठविले. हजारीबाग तेव्हा बिहार राज्यात होते. तेथील मध्यवर्ती कारागृहात वेडसर म्हणून ठेवलेले काही कैदी वीस-वीस, तीस-तीस वर्षे आत असल्याचे त्यात नमूद होते. त्यांपैकी काहीजण बरे झाल्याचे वैद्यकीय अहवालही तुरुंगात होते. अहवाल होते, पण ते वाचून सुटकेची कार्यवाही करणे हे कोणाचेच काम नव्हते. न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने हे पत्र हीच याचिका मानली. वीणा सेठी विरुद्ध बिहार राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात बऱ्या झालेल्यांची सुटका झाली आणि त्यांना गावी जाण्याचा खर्च व आठवडाभराच्या निर्वाहाची रक्कम देण्याचा आदेश निघाला. वीस-तीस वर्षांनी बाहेर पडणाऱ्या माणसाकडे घरी जाण्याचे भाडेही नसणार, हे न्यायालयाने लक्षात घेतले. मात्र त्या घरी कोणी ओळखणारे उरले होते का, या प्रश्नाचे उत्तर आदेशातून मिळू शकत नव्हते.

त्यानंतर असे अनेक विषय न्यायालयापुढे आले. पाटण्यातील दोन नागरिकांच्या पत्रावरून रांचीजवळील कांके येथील मानसिक आरोग्यशाळेचे प्रकरण सुरू झाले आणि राकेशचंद्र नारायण विरुद्ध बिहार राज्य या नावाने ते अनेक वर्षे चालले. अन्न, पाणी, औषधे, अंथरूण या प्राथमिक गोष्टींविषयी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले. दिल्लीच्या शाहदरा येथील इस्पितळाचे प्रकरण १९८९ मध्ये निकालात आले. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी यापूर्वी मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांचा प्रश्न न्यायालयात नेला होता. पश्चिम बंगालमधील तुरुंगांत कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना ठेवले जाते, हा प्रश्नही त्यांनी मांडला. ऑगस्ट १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यक्तींना तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर आणि घटनाबाह्य असल्याचे जाहीर केले आणि अंमलबजावणीवरील देखरेख उच्च न्यायालयाकडे सोपविली.

या खटल्यांतील एक समान गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. वेल्डन आणि डोनाल्डसन यांनी स्वतःच्या नावाने दावे केले. भारतातील खटले दुसऱ्यांनी लिहिलेल्या पत्रांतून उभे राहिले. हजारीबागला ती साहाय्य समिती होती, रांचीसाठी पाटण्याचे नागरिक होते, बंगालसाठी मुंबईची पत्रकार होती. जनहित याचिकेचे हे बळ निर्विवाद आहे. पण तिची मर्यादाही याच ठिकाणी आहे. ज्या तुरुंगाविषयी कोणी पत्र लिहिले नाही, तेथील माणूस आतच राहिला.

ग्वाल्हेर, आग्रा आणि रांची

दरम्यान १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा मंजूर झाला आणि १ एप्रिल १९९३ पासून लागू झाला. 'लूनॅटिक' हा शब्द गेला, परवाना आणि तपासणीची व्यवस्था आली. तथापि कलम १९ खाली नातेवाइकाच्या अर्जावर आणि वैद्यकीय दाखल्यांवर, दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय, ९० दिवसांपर्यंत दाखल ठेवता येत असे. रुग्णाला सुटकेसाठी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येत असे. परंतु आत असलेल्या, औषधांच्या अंमलाखाली असलेल्या, वकील नसलेल्या माणसाने तो करावा अशी अपेक्षा त्यात होती.

नोव्हेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेर, आग्रा आणि रांची येथील तीन मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे दिले. मराठीभाषकांची जुनी वस्ती असलेल्या ग्वाल्हेरचे इस्पितळ अशा रीतीने राष्ट्रीय पातळीवरील सुधारणेचा भाग बनले. आयोगाने बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या साहाय्याने देशातील ३७ मनोरुग्णालयांची पाहणी करून १९९९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. अनेक इमारतींची रचना अजून तुरुंगासारखीच असल्याचे, आणि बरे होऊनही घरी न जाऊ शकलेले रुग्ण मोठ्या संख्येने असल्याचे त्यातून पुढे आले.

एरवाडी

६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे एका खाजगी मनोरुग्ण निवासाला आग लागली. तेथील रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते; त्यांना पळता आले नाही. एकूण २८ जणांचा मृत्यू झाला. एरवाडी हे प्रसिद्ध दर्ग्याचे गाव. शिफा मिळेल या आशेने सर्व धर्मांचे लोक तेथे रुग्णांना आणत आणि दर्ग्याभोवती परवान्याविना चालणारी निवासे उभी राहिली होती. नातेवाईक दरमहा पैसे पाठवीत. पुष्कळदा परत येत नसत.

सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. तमिळनाडू सरकारने तेथील निवासे बंद करून शेकडो रुग्णांना अन्यत्र हलविले. २००२ मध्ये सर्व राज्यांना नोंदणी असलेल्या व नसलेल्या संस्थांची पाहणी करण्याचे आदेश निघाले. साखळदंड बेकायदेशीर आहेत आणि रुग्णाला डॉक्टरकडे नेले पाहिजे, मंदिर किंवा दर्ग्यात ठेवून देऊ नये, असा प्रचार ग्रामीण भागात करण्यासही न्यायालयाने सांगितले.

मुस्लिम समाजाच्या दृष्टीने या प्रकरणाचा विचार तटस्थपणे होणे आवश्यक आहे. एरवाडीचे निमित्त करून दर्ग्यांची बदनामी झाली, ही तक्रार खोटी नाही. आसपासच्या राज्यांत मंदिरांजवळही अशी निवासे होती. पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. दुआ मागणे हा श्रद्धेचा भाग आहे. माणसाला खांबाला बांधणे हा श्रद्धेचा भाग नाही. बाराव्या शतकातील दमास्कसचा नूरुद्दीन यांचा आणि तेराव्या शतकातील कैरोचा सुलतान कलावून यांचा बीमारिस्तान वक्फच्या उत्पन्नावर चालत आणि वेड लागलेल्यांवर तेथे हकीम उपचार करीत. हा वारसा सांगणाऱ्या समाजाने एरवाडीची जबाबदारी झटकता कामा नये. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्ग्याच्या मुजावरांनी वेगळा मार्ग दाखविला आहे. तेथे स्वयंसेवी संस्था व शासन यांच्या सहकार्याने दर्ग्याजवळच मनोविकारतज्ज्ञांची सेवा सुरू झाली, आणि 'दवा आणि दुआ' या नावाने तो उपक्रम ओळखला जातो.

एरवाडीनंतरही साखळ्या संपल्या नाहीत. उत्तर प्रदेशातील बदायूँ येथे धार्मिक स्थळी रुग्णांना बांधून ठेवल्याची बाब ॲडव्होकेट गौरवकुमार बन्सल यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने ही पद्धत अमानुष आणि अनुच्छेद २१ चा भंग करणारी असल्याचे सांगितले.

२०१७ चा कायदा : तारीख ठरली

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला. कलम ९५ ने साखळदंडांवर सरळ बंदी घातली. कलम ३ ने असे सांगितले की, समाजातील प्रचलित नैतिक, सांस्कृतिक, राजकीय वा धार्मिक मूल्यांशी न जुळणे हा मनोविकाराचा आधार होऊ शकत नाही. परंतु या लेखाच्या दृष्टीने कलम ८९ आणि ९० सर्वांत महत्त्वाची आहेत. रुग्णाच्या संमतीविना, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करायचे असल्यास दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते आणि मुदत ३० दिवसांची असते. स्त्री किंवा अल्पवयीन रुग्णाच्या बाबतीत ३ दिवसांत आणि इतरांच्या बाबतीत ७ दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते. ३० दिवसांपुढे ठेवायचे असल्यास मंडळाची परवानगी हवी. ती प्रथम ९० दिवसांपर्यंत, नंतर १२० आणि त्यापुढे दर वेळी १८० दिवसांपर्यंत मिळू शकते. मंडळाचे अध्यक्षपद जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या व्यक्तीकडे असते आणि सदस्यांत रुग्ण किंवा त्यांची काळजी घेणारे यांनाही स्थान आहे. कलम २७ ने मोफत कायदेविषयक मदतीचा हक्क दिला. थोडक्यात, पूर्वी पत्र लिहिणारा कोणी भेटला तरच विचारला जाणारा प्रश्न आता ठरलेल्या दिवशी विचारलाच पाहिजे, अशी तरतूद झाली.

दाखल करण्याच्या अधिकाराचा गैरवापर शिकलेल्या घरांतही होतो, हे दिल्ली उच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१८ मधील निकालातून दिसून येते. स्वेच्छेने घर सोडून राहणाऱ्या एका सज्ञान तरुणीला आईवडिलांच्या सांगण्यावरून बळाने उचलून इस्पितळात ठेवण्यात आले होते. तिच्या परिचितांच्या बंदीप्रत्यक्षीकरण याचिकेवर न्यायालयाने तिच्या स्वातंत्र्याचा भंग झाल्याचे ठरवून भरपाईचा आदेश दिला. नातेवाइकाची चिंता आणि नातेवाइकाचा हट्ट यांतील फरक दाखल्यावरील सहीवरून कळत नाही. त्यासाठी त्या व्यक्तीलाच विचारावे लागते.

तरीही एक प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेर उरतो. बरी झालेली व्यक्ती जाणार कोठे? केवळ कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारीत नाही म्हणून कोणालाही इस्पितळात ठेवू नये, असे कलम १९ सांगते. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्रातील इस्पितळांतून बऱ्या झालेल्या काही व्यक्तींना भिक्षेकरीगृहात व वृद्धाश्रमात हलविल्याची माहिती सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयाने हे कायद्याच्या हेतूविरुद्ध असल्याचे सांगून थांबविण्यास सांगितले. हजारीबागच्या कैद्यांना १९८२ मध्ये प्रवासभाडे मिळाले होते; घर मिळाले नव्हते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांचा विषय निघतो तेव्हा चार दशकांनंतरही हाच प्रश्न पुन्हा समोर येतो.

समारोप

या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, वेड ही बदलणारी अवस्था आहे हे कायद्याने व फिकहने फार पूर्वी मान्य केले होते. कमतरता ज्ञानाची नव्हती, विचारणाऱ्याची होती. दुसरी, भारतात हा प्रश्न प्रथम कायदेमंडळाने नव्हे, तर पत्र लिहिणाऱ्या सामान्य नागरिकांनी विचारला. तिसरी, २०१७ च्या कायद्याने प्रश्न विचारण्याची तारीख ठरविली, पण उत्तर ऐकून दार उघडणारे घर कायदा निर्माण करू शकत नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांचा या विषयाशी संबंध दिसतो त्यापेक्षा जवळचा आहे. विद्यार्थ्याच्या घरी एखादी बहीण, चुलते किंवा आजी आजारी असतात. त्यांना कोठे न्यायचे याचा सल्ला पुष्कळदा वर्गशिक्षकालाच विचारला जातो. अशा वेळी जवळच्या सरकारी इस्पितळातील मनोविकार विभाग, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि पुनर्विलोकन मंडळ यांची माहिती अध्यापकाजवळ असली, तर तो सल्ला उपयोगी पडेल. आणि रुग्णाला दाखल करून परतणाऱ्या कुटुंबाला त्याने एक प्रश्न अवश्य विचारावा : त्यांना परत आणायला कधी जाणार?